५ किमी २५ मिनिटांत तर मीपण पळतो, मग फौजींचं विशेष काय?

तुम्ही विचारलंय की सैन्याच्या फिटनेस टेस्टमध्ये कोणाचे परफॉर्मन्स भारी आहेत, आणि खाली जोडलंय की बीपीईटीत (लढाईच्या सामानासकट होणारी सैन्याची फिटनेस टेस्ट) ५ किमीला २५ मिनिटांत एक्सलंट मिळतं, एवढं तर मीपण पळतो. त्या खालच्या ओळीसाठी लिहायला बसलोय. सेम हेच वाक्य माझ्या साडूने वास्तुशांतीला पंगतीत सगळ्यांसमोर मला ऐकवलं होतं. तो कोथरूडला राहतो, रोज वेताळ टेकडीवर पळतो, हाफ मॅरेथॉनची मेडलं हॉलमध्ये लावलीत. मी बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शन आलो, आता दिघीला असतो. त्या दिवशी पाहुण्यांत वाद नको म्हणून गप्प बसलो.

अहो ते २५ मिनिटं हाफपँट आणि स्पोर्ट शूजवर नाहीत. पायात बूट, पाठीवर पिठ्ठू म्हणजे सामान भरलेली फौजी सॅक, कमरेला पाण्याची बाटली, हातात रायफल. नुसती इन्सास रायफलच चार किलोच्या वर भरते, ती या हातातून त्या हातात घेत पळायचं, आणि तिसऱ्या किलोमीटरला पिठ्ठूचा पट्टा खांदा सोलायला लागतो. बरं पळून झालं की संपलं असं नाही, त्याच वजनासकट ६० मीटर स्प्रिंट, ९ फुटी खड्डा, आडवा दोर, उभा दोर.

मी पाहिलेला सगळ्यात भारी परफॉर्मन्स आमच्या लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, कुकचा. साताऱ्याकडचा, रँकने नाईक, वय अडतीस. त्या वयाला टायमिंगमध्ये सूट असते, पण हा दरवेळी तिशीच्या आतल्या पोरांच्या टायमिंगलाच पळायचा. टेस्टच्या दिवशी पहाटे तीनला उठून अख्ख्या कंपनीचा चहा आणि पुऱ्या करून आला होता, डाव्या तळहातावर आदल्या दिवशीचा तेलाचा फोड. चार किलोमीटरला एका नव्या पोराच्या पोटात कळ आली, तो वाकून चालायला लागला. दुसऱ्याचं वजन घेता येत नाही, तर हा त्याच्या खांद्याला खांदा लावून पळायला लागला आणि मोठ्याने सांगायला लागला, श्वास सोड, डावा पाय पडला की सोड, माझ्या बुटाकडं बघ. शेवटपर्यंत तेच. दोघं २४:४० ला आत आले. मी तेव्हा घड्याळावर होतो म्हणून सेकंदासकट लक्षात आहे.

मग दोर. जिममधून बॉडी करून आलेला आमचाच एक जवान, दंड बघाल तर हे एवढे, अर्ध्यावर लटकला आणि खाली आला, कारण तो हातावर चढत होता. दोर पायाने चढायचा असतो, बुटात आढी घालून लॉक करायचा, उभं राहायचं, मग हात वर. कुकने तळहाताला माती चोळली, फोड तोवर फुटलेला, वर जाऊन शांतपणे उतरला. दोराला रक्ताचा डाग होता. हात धुतले आणि जेवण चढवायला गेला.

तुम्हाला नावंच पाहिजे असतील तर आपल्या बीडचा अविनाश साबळे घ्या. शेतकऱ्याचं पोर, ५ महारमध्ये (महार रेजिमेंटची पाचवी बटालियन) भरती, सियाचीनला ड्युटी केली, रनिंगकडे वळला त्यानंतर, आणि २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. आणि मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण. दोघंही फौजेचे. पण माझ्यासाठी कुक पहिला, कारण त्याच्यासाठी कोणी डाएट आणि कोच ठेवला नव्हता, आणि दर टेस्टला तो हेच करायचा.

तुम्हाला खरंच ताकद बघायची असेल तर मोकळ्या अंगाने पळून टाइम लावू नका, पाठीवर वजन घ्या आणि हातात काहीतरी चार किलोचं धरा. आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, एकदम दहा किलो घेऊन पळायचं नाही, गुडघे जातात. आधी तीन-चार किलो घेऊन नुसतं चालायचं, महिनाभराने हळू पळायचं, बूट आधी चालून मऊ करायचे. कंबर किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरला विचारा. पळणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, साडूचा स्टॅमिना चांगलाच आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींचा एक आकडा करू नये, एवढंच माझं तेव्हाही म्हणणं होतं.

पिठ्ठू माझ्याकडे भरून ठेवलेला आहे. साडूला दोनदा फोन करून सांगितलंय, रविवारी पहाटे साडेपाच, तुझीच टेकडी, मीपण तेवढंच वजन घेतो. तुम्हीपण या, टाइम मी लावतो.