पोनी की शिंगरू? आधी ओठ उचलून बघा

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की पुढचे दोन महिने माझ्याकडे तीच पत्रं येतात. पोनी, मिनिएचर, तट्टू, शिंगरू, सगळं एकाच पोत्यात भरलेलं. यंदाही तेच, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

प्रश्न: पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लूच ना?

उत्तर: नाही. पिल्लू म्हणजे शिंगरू. पोनी म्हणजे पूर्ण वाढूनही ठेंगणाच राहणारा घोडा. पोनी म्हातारी झाली तरी पोनीच राहते.

प्रश्न: विकणारा सांगतो, घोडी १४.५ हँड आहे. हे इंचात किती झालं? (बारामती)

उत्तर: असं माप नसतंच. एक हँड म्हणजे ४ इंच, आणि टिंबापुढचा आकडा म्हणजे वर उरलेले इंच. तो ३ च्या पुढे जाऊच शकत नाही. १४.२ म्हणजे १४ हँड २ इंच, एकूण ५८ इंच. १४.३ नंतर थेट १५. आपला हात कोपरापासून मोजतात; हा तळव्याच्या रुंदीचा, त्यामुळे दोन्हींची गल्लत नको. ज्याला माप सांगता येत नाही त्याने ते घेतलंही नसावं. सरळ इंचात बोला, आणि शिंप्याची टेप खांद्याच्या गोलाईवरून फिरवू देऊ नका. इंच तिथेच फुगतात.

प्रश्न: मुलगी पोनी गटात स्पर्धेला उतरते. घोडी नालांसह १४९ सेंटिमीटरच्या किंचित वर भरते. ओळखीतले म्हणतात, मोजणीआधी खूर जरा जास्त तासून घ्या. (पुणे)

उत्तर: आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची पोनीची मर्यादा नाल काढून १४८ सेंटिमीटर, नालांसह १४९. मोजणी सपाट, कडक जमिनीवर, उभ्या काठीने, मानेच्या बुडाशी दोन खांद्यांमधल्या सर्वांत उंच जागी होते. खूर मर्यादेबाहेर तासला तर जनावर लंगडतं, आणि लंगडी घोडी कुठल्याच गटात उडी मारत नाही. ओळखीतल्यांना हे सांगा. नालबंदाला हात लावू देण्याआधी तुमच्या क्लबच्या पशुवैद्याला दाखवा, आणि गटाबद्दल आयोजकांकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न: देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, असलेली पोनी घ्यावी का?

उत्तर: भोवऱ्याने ना उंची वाढते ना वय कळतं.

प्रश्न: नातवासाठी बाजारातून 'पूर्ण वाढ झालेली मिनिएचर घोडी' घ्यायची आहे. ४० इंच आहे, पाच वर्षांची आहे, कागदही देतो म्हणाले. बयाणा दिला आहे. (नाशिक)

उत्तर: बयाणा देऊन झाल्यावर विचारताय. नेहमीचंच. आता नीट वाचा.

काही वर्षांपूर्वी एका बंगल्यावर अशीच 'पाच वर्षांची' घोडी बघायला गेलो होतो. पोरं गूळ भरवत होती. खालचा ओठ उचलला, तर समोर चार बारके, दुधासारखे पांढरे दात, आणि कडेचे दोन हिरडीतून जेमतेम डोकावत होते. शिंगराला मधले दोन दात पहिल्या आठवड्यात येतात, त्यांच्या शेजारचे दात दीड-दोन महिन्यांत, कडेचे सहा ते नऊ महिन्यांत. म्हणजे पाच वर्षांचं हे बाळ वर्षाचंसुद्धा नव्हतं, आणि आईपासून लवकर तोडल्यामुळे पोट सुटलेलं, बरगड्या दिसत होत्या. पुढे ती ४८ इंचांची चांगली तगडी तट्टू झाली. त्या घरच्या नातवाचे पाय रिकिबीला पोहोचेनात, तेव्हा पुन्हा मला फोन.

दुधाचे दात पडून मधले पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यापुढचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांच्या घोडीच्या तोंडात दुधाचा एकही पुढचा दात राहत नाही. वय कळल्याशिवाय उंचीला काही अर्थ नाही: शिंगरू वर्षाचं होतं तेव्हा मोठेपणीची सुमारे नव्वद टक्के उंची गाठून बसलेलं असतं, आणि उपासमारीने खुरटलेलं असेल तर तेही गणित चुकतं. अंगकाठीही बघा. शिंगराचे पाय अंगाच्या मानाने लांबलचक, शेपटी आखूड आणि लोकरीसारखी. खरी मिनिएचर म्हणजे लहान केलेला घोडा, पाय-धड प्रमाणात.

आता 'कागद'. कसला कागद? बाजाराची पावती म्हणजे जातीची नोंद नव्हे. नोंदवहीच्या दाखल्यात आई-बाप, जन्मतारीख, अंगावरच्या खुणा असतात, आणि बहुतेक ठिकाणी मायक्रोचिपचा क्रमांक. तो क्रमांक जनावराच्या मानेत वाचून ताडून बघावा लागतो. उरलेले पैसे देण्याआधी पशुवैद्याला बाजारात घेऊन जा. तोंड बघू न देणाऱ्याकडून घेऊ नका. बयाणा बुडाला तर बुडू दे.

प्रश्न: न्यू जर्सीत आहोत. आमची मिनिएचर ३६ इंच आहे. एका संस्थेने नाकारली, दुसरी घेईल म्हणतात. खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं असू शकतं. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची मर्यादा ३४ इंच. अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्रीत 'अ' गट ३४ पर्यंत आणि 'ब' गट त्यापुढे ३८ पर्यंत. शिवाय तिथे आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे मोजतात, खांद्याच्या उंचवट्यावर नाही, त्यामुळे इतरत्र घेतलेलं माप तिथे चालत नाही. उंची बसली तरी आई-बापांची नोंद विचारतात. संस्थेलाच लिहा, शेजाऱ्याला नको.

प्रश्न: मग आइसलँडचा इतका छोटा प्राणी घोडा, आणि पोलोचा एवढा मोठा पोनी, असं का?

उत्तर: सवय. पोलोत एकेकाळी उंचीची मर्यादा होती. ती उठून शंभर वर्षं झाली, नाव चिकटलं. आइसलँडवाले आपल्या घोड्याला घोडाच म्हणतात, मग तो १४.२ च्या, म्हणजे पोनीच्या रूढ मर्यादेच्या, खाली का असेना.

प्रश्न: घोडी ५२ इंच, आजोबांच्या काळापासूनची पैदास. भीमथडी या घोड्याच्या जातीला आता सरकारी मान्यता आहे, तर आमचीही भीमथडी धरायची ना? (दौंड)

उत्तर: असेलही, पण फक्त उंचीवरून नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने जात नोंदवली आहे. म्हणजे त्या भागातली त्या लक्षणांची जनावरं एक वेगळी जात आहेत हे मान्य झालं. तुमच्या गोठ्यातल्या घोडीला त्याने आपोआप दाखला मिळत नाही. पैदाशीची जी माहिती आठवते ती आजच लिहून ठेवा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. विकायची असेल तर त्यांना भेटण्याआधी 'भीमथडी' म्हणून भाव सांगू नका.