करिअर मार्गदर्शन: आजी वॉकर वापरत नाही, तरी याच क्षेत्रात जायचं आहे

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून तिचा उजवा हात उचलत नाही आणि पाय ओढत चालते. मी तिच्यासाठी सेन्सर आणि बझर लावलेला वॉकर बनवला. कॉलेजच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, पण आजी तो वापरत नाही. भिंतीला धरूनच चालते. तिला उठवून-बसवून आईची कंबर धरते. मला दिव्यांग आणि वृद्ध माणसांसाठी साधनं बनवण्यातच करिअर करायचं आहे. बाबा म्हणतात, यात नोकऱ्या नाहीत. पुढे इंजिनिअरिंग करू की डिझाइन?

उत्तर: आजी वॉकर वापरत नाही हे तू मोकळेपणानं लिहिलंस, याचं मला फार मोल वाटतं. आधी त्याच्याविषयीच बोलू, कारण तुझ्या शिक्षणाचा प्रश्नही त्यातूनच सुटणार आहे.

साधा वॉकर दोन्ही हातांनी धरून उचलावा लागतो. आजीचा तर उजवा हात चालत नाही. अशा रुग्णाला फिजिओथेरपिस्ट बहुधा चांगल्या हातात धरायची चार पायांची काठी किंवा एका हातानं पेलता येणारा वेगळा वॉकर देतात. म्हणजे सेन्सर कितीही अचूक असला तरी मूळ साधनच तिच्या हाताचं नव्हतं. बझरचंही तसंच. रात्री मोरीकडे जाताना तो वाजला की घर जागं होणार, आणि कित्येक म्हाताऱ्या माणसांना नेमकं तेच नको असतं. अर्थात आजीचं कारण काय आहे ते मी इथं बसून ठरवू शकत नाही. ते तिच्याकडूनच कळायला हवं.

मात्र तिला थेट ‘वॉकर का वापरत नाहीस?’ असं विचारू नकोस. नातीचं मन राखायला ती ‘वापरीन की’ म्हणेल आणि विषय संपेल. त्यापेक्षा सकाळी उठल्यापासून आंघोळ होईपर्यंत तिच्यासोबत राहा. ती भिंतीला नेमका कुठे हात टेकते, उंबरठ्यापाशी का थांबते, मोरीतल्या ओल्या फरशीवर कुणाला हाक मारते, लुगडं सावरायची वेळ आली की आधाराचा हात सुटतो का, हे बघ. आजीला बरं वाटत असेल तर टिपून ठेव आणि तिला वाचून दाखव. चुकलेलं ती स्वतः दुरुस्त करेल.

पत्रात आईविषयी एकच वाक्य आहे. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आजीसाठी घरात जे साधन येईल, ते आईही दिवसातून अनेकदा हाताळणार. खाट बुटकी असली तर दर वेळी आईला वाकून ओढावं लागतं. खाट आणि खुर्ची योग्य उंचीची असली, आजीच्या कमरेला धरायला पट्टा असला, तर तेच काम बरंच हलकं होतं. शिवाय दोघींच्या इच्छा वेगळ्या असू शकतात. आईला वाटत असेल, सासूबाईंनी एकटीनं उठूच नये. आजीला वाटत असेल, निदान मोरीपर्यंत तरी कुणाची मदत लागू नये. दोघींचंही बरोबर आहे. म्हणून त्यांच्याशी वेगवेगळं बोल. एकमेकींसमोर त्या हे बोलणार नाहीत. आणि आईची कंबर तुझ्या प्रोजेक्टची वाट बघत थांबणार नाही. या आठवड्यातच फिजिओथेरपिस्ट किंवा (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून उचलण्याची योग्य पद्धत दोघींना शिकवून घे.

आजीचा वॉकर पडून राहिला, तशी अनेकांची साधनं पडून राहतात. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या २२७ दिव्यांग प्रौढांच्या एका पाहणीत २९.३ टक्के साधनं वापरणं सोडून दिलेलं आढळलं. त्यामागच्या मुख्य कारणांत एक होतं, साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारात न घेणं. आपल्याकडचं उदाहरण कुष्ठरोगाचं आहे. पायाची संवेदना गेली की जखम झालेली कळत नाही, म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला देतात. वैद्यकीयदृष्ट्या त्या उत्तम. पण त्या ठरावीक काळ्या चपलांवरून आजार ओळखू येई, म्हणून लोक त्या घालणं टाळत. नेहमीच्या चपलांसारख्या दिसणाऱ्या केल्यावर त्या घालणं सोपं झालं.

याउलट आयआयटी दिल्लीची ‘स्मार्टकेन’ ही दृष्टिहीनांसाठीची काठी बघ. ती २०१४ साली बाजारात आली. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, पण लोंबणारी फांदी किंवा ट्रकचा बाहेर आलेला भाग डोक्याला लागतो, ही दृष्टिहीनांची खरी तक्रार होती. म्हणून अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचे अडथळे टिपायचे ठरलं. इशारा आवाजानं न देता मुठीतल्या कंपनानं दिला, कारण रस्त्यावर त्यांना कान मोकळे लागतात. डोळे मिटून चालून पाहणाऱ्या इंजिनिअरला हे सगळं सुचलं असतं असं मला वाटत नाही.

आता शिक्षण. तू डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये जावंस असं माझं स्पष्ट मत आहे. तुझा हात यंत्रावर बसलेला आहे, तो सोडू नकोस. पदवीच्या शेवटच्या वर्षी सीईईडी ही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा देता येते. त्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते. कृत्रिम अवयव आणि कॅलिपरचा (अशक्त हातापायांना आधार देणाऱ्या पट्ट्यांचा) अभ्यासक्रम, म्हणजे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, हाही सुंदर आहे, पण त्याला बारावी विज्ञान लागतं. तुझ्यासाठी ती वाट लांबची होईल.

बाबांची काळजी खोटी नाही. फक्त अशी साधनं बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे थोड्याच आहेत, आणि पहिली नोकरी कदाचित हॉस्पिटलची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात मिळेल. ती घे. तिथे तुला उत्पादन, चाचणी, प्रमाणन शिकायला मिळेल, आणि हे येत नसल्यानंच कॉलेजातले कितीतरी चांगले नमुने कपाटात राहतात. बाबांना दोन नावं जरूर दाखव: कृत्रिम अवयव आणि सहायक साधनं बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी एलिम्को, १९७२ पासूनची, आणि आयआयटी मद्रासच्या आरटूडीटू या पुनर्वसन साधनांच्या संशोधन केंद्रातून उभी राहिलेली, व्हीलचेअर बनवणारी निओमोशन.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी नवा सेन्सर शोधू नकोस. एकच अडचण घे, उदाहरणार्थ उंबरठा ओलांडणं किंवा खाटेवरून उठणं, आणि आजीशिवाय अर्धांगवायूतून सावरणारी आणखी चार-पाच माणसं आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्या लोकांना पहिल्या दिवसापासून सोबत घे. जवळच्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात प्रोजेक्ट गाइडचं पत्र घेऊन जा. ही माणसं तुला वेळ आणि अनुभव देणार आहेत, तेव्हा निदान येण्याजाण्याचा खर्च तरी त्यांना द्यायची तरतूद कॉलेजकडून करून घे, आणि त्यांची हरकत नसेल तर अहवालात त्यांची नावं सहकारी म्हणून लिही. पहिला नमुना पुठ्ठ्याचा किंवा पीव्हीसी पाइपचा करून त्यांच्या हातात दे. चकचकीत वस्तूला लोक नावं ठेवत नाहीत, कच्च्या नमुन्याला मोकळेपणानं ठेवतात. त्यांनी काय बदलायला लावलं आणि तू का बदललंस, ते तारखेसह वहीत लिहून ठेव. पुढे पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचा संग्रह, करशील तेव्हा या वहीची पानं लाव, आणि न वापरलेला वॉकरही त्यात ठेव. त्याच्याशेजारी आजीनं आणि आईनं सांगितलेली कारणं त्यांच्याच शब्दांत लिही.