"तेव्हाच का नाही बोललीस?"

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली ती झोपेची तक्रार घेऊन. वय चौतिशीचं, शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिसऱ्या भेटीत सहज म्हणाली, "हल्ली मी बाजारपेठेतून जात नाही, ओढ्याकडच्या रस्त्याने जाते. वीस मिनिटं जास्त लागतात." बाजारपेठेत काय आहे, असं विचारल्यावर ओढणीच्या टोकाला पीळ देत बसली. मग म्हणाली, "हाडांच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल."

पाच महिन्यांपूर्वी ती कंबरदुखीसाठी तिथे गेली होती. डॉक्टरांनी नर्सला काहीतरी आणायला पाठवलं, पडदा ओढला आणि तपासता तपासता हात भलतीकडे गेला. ती थिजून पडून राहिली. नंतर उठली, काउंटरवर फी भरली आणि जाताना डॉक्टरांना 'थँक्यू'सुद्धा म्हणाली. तो थँक्यू तिला आतून कुरतडत होता.

"मॅडम, मी ओरडले का नाही? आणि आता बोलले तर लोक म्हणतील, तेव्हा काय तोंडाला कुलूप होतं?"

हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या जणींनी ठेवलाय! भीतीने माणूस लढतो, पळतो, तसाच थिजतोही; त्यातलं काय होणार हे आपण ठरवत नाही. आणि थँक्यू ही तोंडात बसलेली सवय असते. ती संमती नव्हे.

पुढची शंका जास्त अवघड होती: "ती तपासणीच असली तर?" मी डॉक्टर नाही, त्यामुळे वैद्यकीय निवाडा मी देत नाही. पण महाराष्ट्रात २०२१च्या शुश्रूषागृह (म्हणजे खासगी रुग्णालय) नियमांत रुग्ण हक्कांची सनद आहे. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासताना दुसरी स्त्री हजर हवी, असं त्यात आहे. नर्सला तर बाहेर पाठवलं होतं! हे लक्षात येताच ती एकदम ताठ बसली.

तक्रार कर, असं मी म्हटलं नाही. फार वर्षांपूर्वी एकीला मी त्याच दिवशी पोलीस चौकीत जायला लावलं होतं. ती पुन्हा आली नाही, आणि ती चूक माझी होती. इथे नवऱ्याला तर डॉक्टरांची कॉलरच धरायची होती. त्याला समजावण्यात अख्खी एक भेट गेली.

आधी झोप जरा सुधारू दिली. मग वही. आठवेल तसं लिही, क्रम लागला नाही तरी चालेल, नंतर आठवलं तर जुनं खोडू नको, खाली तारीख घालून लिही. वही लिहिताना तिला आठवलं की त्या संध्याकाळी तिने नणंदेला व्हॉट्सॲपवर 'मला खूप घाण वाटतंय' असं लिहिलं होतं. तो मेसेज अजून होता. फी गूगल पेने भरल्याची नोंदही होती. केसपेपर मागायला तिला त्या दारात जायचं नव्हतं. तशी गरजही नव्हती. तिचं अधिकारपत्र घेऊन नवरा गेला. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यावेत, असा २००२पासूनचा नियम आहे.

उशिराचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ला, म्हणजे विनयभंगाला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे; तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला कायद्यात कालमर्यादा नसते, त्यामुळे पाच महिन्यांनी दार बंद होत नाही. उशीर का झाला, हे मात्र विचारतातच; ते अर्जातच लिहावं. पोलिसांखेरीज महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही जाता येतं, कारण डॉक्टरची नोंदणी परिषदेच्या हातात असते. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि रात्री दोनला छाती धडधडली तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन लावायचा, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. तिने तो दोनदा लावला.

परिषदेचा अर्ज लिहून तीन आठवडे कपाटात पडून होता. एका सोमवारी नणंदेला घेऊन ती पोस्टात गेली आणि रजिस्टर करून आली. पोलिसांकडे जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. परिषदेचं उत्तरही यायचंय. परवा तिने मला विचारलं, "सुनावणीला त्या डॉक्टरांच्या समोर बसावं लागलं तर?" सध्या आम्ही त्याचीच तयारी करतोय.