ड्राय किट स्वस्त आहे, घेऊ का?

प्रश्न: माझ्या १.६ लिटर पेट्रोल गाडीला फक्त ड्रॅग रेससाठी नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देऊन ताकद वाढवणारा वायू) बसवायचा आहे. ड्राय किट स्वस्त पडतं. चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: स्वस्तावर जाऊ नका. ड्राय किट नुसता नायट्रस सोडतं. वाढीव पेट्रोल तुमच्याच इंजेक्टरांनी पुरवायचं. त्यांचा तेवढा दम नसेल तर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन आतून अति तापतं. माझ्या पहिल्या गाडीत तेच झालं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक! तो पिस्टन आता टेबलावर पेपरवेट म्हणून पडलाय.

वेट किट घ्या. एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही येतं. ३५ अश्वशक्तीच्या जेटने (किती वायू जाईल ते ठरवणारं छोटं छिद्र) सुरुवात करा, मोठ्या जेटचा मोह नको. फुल थ्रॉटल स्विच आणि आरपीएम स्विच हवेतच: ३००० आरपीएमच्या खाली सोलेनॉइड (नायट्रस सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) उघडला तर बॅकफायरने, म्हणजे उलट भडक्याने, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पुरवणारा नळ्यांचा भाग) फुटू शकतो. पेट्रोलचा दाब पडताच नायट्रस तोडणारा स्विचही लावा. स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बाटलीवर गेज घ्या, दाब ९०० ते ९५० पीएसआय ठेवा. पहाटेच्या गारव्यात तो बराच उतरतो. पण बाटली तापवायला बर्नर लावू नका, त्यासाठी हीटर जॅकेट मिळतं.