इजिप्तमधलं मत्स्य संशोधन केंद्र बघायला शेतकऱ्यानं स्वखर्चानं जावं का?

प्रश्न असा आहे: "इंदापूर भागात माझी दोन शेततळी आहेत. इजिप्तमधल्या मत्स्य संशोधन केंद्राला साधा शेतकरी भेट देऊ शकतो का, तिथली माणसं कशी वागवतात, आणि खर्च वसूल होतो का?"

देऊ शकतो. आधी ईमेल टाकायचा, आपण काय नि किती करतो ते चार ओळींत लिहायचं, उत्तराला महिना लागला तरी पिच्छा सोडायचा नाही. झालं पहिलं उत्तर. तिसरा भाग वाचून मात्र मी उठून पाणी प्यायलो, कारण "वसूल" हा शब्द आमच्या घरात मला कित्येक वर्षं ऐकवला जातोय.

मी राहतो हडपसरला, तळी भिगवणच्या अलीकडे. निम्मे पैसे माझे, निम्मे मेहुण्याचे. 2019 च्या फेब्रुवारीत मी अब्बासाला जाऊन आलो. कैरोच्या ईशान्येला शरकिया प्रांत आहे, त्यात हे गाव. वर्ल्डफिश या मत्स्य संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं केंद्र तिथंच, आणि इजिप्त सरकारची मत्स्यशेतीची प्रयोगशाळाही तिथंच. चिलापी म्हणजे तिलापिया मासा पाळणाऱ्याला हे नाव कुठे ना कुठे कानावर पडलेलं असतंच. आपण जिला गिफ्ट म्हणतो ती चिलापीची सुधारित, भराभर वाढणारी जात 1988 पासून फिलिपिन्समध्ये घडवली, पण त्यासाठी नदी-तलावांतले मूळ मासे नेले होते ते इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून. म्हणजे तिचं आजोळच ते. (भारतात आधी, 1952 ला, आली ती मोझांबिकची चिलापी. ती खुरटी राहते आणि पिल्लांनी तळं भरून टाकते. दोघींना आपण एकाच नावानं हाक मारतो आणि मग चिलापीत राम नाही म्हणून बोंबलतो.)

केंद्रात सकाळी पडद्यावर चित्रं दाखवली, ती आता एकही आठवत नाही. मग तळ्यांवर गेलो. बूट जंतुनाशकात बुडवायला लावले, रांगेनं बांधलेले हापे, म्हणजे पाण्यात टांगलेले जाळीचे पिंजरे, दाखवले. एक मजूर मादी हातात धरून अंगठ्यानं तिचा जबडा उघडायचा आणि पाण्याच्या टोपात तिला हलकेच बुचकळायचा. तोंडातली अंडी मोहरीसारखी तळाशी बसायची, फक्त रंग पिवळा. चिलापी अंडी तोंडात सांभाळते हे मी शंभरदा लोकांना सांगितलं होतं, बघितलं तेव्हा पहिल्यांदाच.

आमच्याबरोबर फिरणारा तंत्रज्ञ पन्नाशीचा होता. मला सारखा "बाशमुहंदिस" म्हणायचा. म्हणजे इंजिनियरसाहेब. मी बारावी कॉमर्स. दुपारी म्हणाला, चला घरी जेवायला. मी आपल्या सवयीनं म्हटलं, नको हो, हॉटेलवर होईल काहीतरी. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याचा चेहराच उतरला. मग मोडक्या इंग्रजीत त्यानं समजावलं, की त्यांच्याकडे "नावाड्याचं आमंत्रण" अशी म्हण आहे. नदीच्या मधोमध जेवत बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला ओरडून सांगतो, या जेवायला! हा काही पोहत येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. "माझं तसलं नाही," तो म्हणाला. "आम्ही शरकियाचे. आम्ही आगगाडीला जेवायला बोलावलंय." ही गोष्ट इजिप्तभर सांगतात, थोडी थट्टेनंही. रमजानात रोजा सोडायच्या वेळी गाडी गावाजवळ थांबली, तर गावकऱ्यांनी अख्ख्या गाडीला उतरवून जेवू घातलं.

तुम्हाला वाटेल, पुणेकर म्हटल्यावर आता "जेवूनच आला असाल" हा विनोद येणार. आला, वाचलात, पुढे चला.

घर गावातलं, दुमजली, वरच्या मजल्याच्या सळया तशाच उघड्या. आपल्याकडे पोराच्या लग्नापर्यंत सोडतात तशाच. मासे अंगणात भाजले. खवले न काढता अख्खा मासा ओल्या गव्हाच्या कोंड्यात घोळवून थेट जाळीवर. कोंड्याला तिथं "रद्दा" म्हणतात, पण चीज रद्दी नाही. वरून मासा कोळशासारखा काळा होतो. नखानं कवच उचकटलं की खवल्यांसकट निघून येतं आणि आत पांढरंशुभ्र, वाफाळतं मांस. मीठ, जिरं, लिंबू, बस. आपण त्याच माशाला लाल वाटणात बुडवून त्याची चव घालवतो, हे माझं मत बायकोला मान्य नाही. नंतर आलं फतीर. तुपात घड्या घातलेली परातीएवढी पोळी म्हणा. आणि बरोबर वाटीत चक्क काकवी! ते तिला काळा मध म्हणतात. मी बोट बुडवून चाटलं आणि बोललो मराठीतच, "अहो ही तर आमची काकवी." आजीबाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी आणखी अर्धी वाटी ओतली. ताट रिकामं करू नका, सांगून ठेवतो. रिकामं दिसलं की भरतात.

मी बाकरवडीचा डबा नेला होता. आजीबाईंनी ती चहात बुडवून खाल्ली. बुडवून! पण चार खाल्ल्या.

खरं काम झालं ते जेवणानंतर. तो मला चुलतभावाच्या हॅचरीवर घेऊन गेला. फेब्रुवारीत तिथं चांगलंच गारठतं, मी स्वेटर घालून होतो. पाणी 16 अंशांच्या खाली गेलं की चिलापी खाणंच टाकते, आणखी पाच-सहा अंश उतरलं तर मरायला लागते. म्हणून त्यांनी मातीच्या तळ्यावर कमानी टाकून प्लॅस्टिक ताणलं होतं आणि आत हापे बांधले होते. वाकून आत शिरलो आणि चष्मा धुक्यानं पांढरा झाला. बाहेर थंडी, आत आपला जून. बाकीच्यांची प्रजननाची सुरुवात व्हायच्या आत ह्याची पिल्लं विकायला तयार. कमानींतलं अंतर, प्लॅस्टिक मातीत किती खोल गाडायचं, दुपारी तोंड कधी उघडायचं, सगळं त्यानं काठीनं जमिनीवर काढून दाखवलं. पैसे नाही, कार्ड नाही, "फोटो काढू नका" नाही.

तिथंच मी उजनीच्या पाण्याचं रडगाणं गायलो. आम्ही पुणेकर मुळा-मुठेत जे सोडतो तेच भीमेतून खाली येतं, वगैरे. तो हसला. त्यांच्याकडे तेव्हा मत्स्यशेतीला नाईलचं ताजं पाणी घ्यायला कायद्यानंच बंदी होती, 1983 चा 124 क्रमांकाचा कायदा. शेतांतून निचरून आलेलं पाणी वापरायचं, आणि जमीनही पिकाला नालायक असेल तीच घ्यायची, असा तो नियम होता. एवढं असून मत्स्यशेतीत इजिप्त आफ्रिकेत पहिला. मी गप्प बसलो.

परत आलो तर मेहुण्याचा पहिला प्रश्न, "बीज आणलंस?" म्हणजे गिफ्टची पिल्लं. नाही. "मग गिफ्ट बघायला गेलास आणि गिफ्ट न आणता आलास?" हा विनोद त्यानं तेव्हापासून प्रत्येक लग्नात केलाय. एक लाख दहा हजारात फक्त जेवून आला, म्हणतो. आता तो हे वाचणारच आहे, म्हणून इथंच लिहितो: दादा, बाहेरून जिवंत बीज पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे गिफ्ट पाळायलाही परवानगी लागते, ती ज्या माणसानं काढली तो मीच. त्या हॅचरीसारखा कमानींचा प्लॅस्टिकचा बोगदा मी आपल्या नर्सरीवर उभारला, पहिल्या हिवाळ्यात त्याचा कागद वाऱ्यानं फाटला तेव्हा तू आठ दिवस हसलास. दुसऱ्या हिवाळ्यात नर्सरीतली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, थंडीत खात राहिली आणि आपण मार्चच्या सुरुवातीला तळी भरली. तो कागद कुठून सुचला? त्या जेवणातून. पडद्यावरच्या चित्रांत तो नव्हता.

तेव्हा प्रश्नकर्ते, फक्त केंद्र बघायला जाणार असाल तर जाऊ नका, ते सगळं घरबसल्या वाचायला मिळतं. बरोबरच्या माणसानं जेवायला बोलावलं तर जा. फार तर एकदा नको म्हणा. आपल्या तळ्यावरचे बूट घालून जाऊ नका, नवे घ्या. ट्रॅव्हल एजंटाचं ऐकून पिरॅमिडला तीन दिवस देऊ नका, एक पुरतो. आणि हो, सगळे तसेच असतात असं नाही. कैरोत टॅक्सीवाल्यानं मला दुप्पट भाड्याला कापलं. बोगदाही तुमच्याकडे चालेलच असं नाही, वाऱ्याची जागा असेल तर प्लॅस्टिकचे पैसे पाण्यात.

एक सांगायचं टाळत होतो. दोन वर्षांपूर्वी तो तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी भारतात आला होता, हैदराबादला. मेसेज आला: बाशमुहंदिस, रविवार मोकळा आहे, पुणे किती लांब? आमची मासळी काढणी चालू होती, बर्फाची गाडी दारात उभी. मी लिहिलं, खूप लांब आहे, पुढच्या वेळी नक्की घरी या. त्यानं उत्तरादाखल एक छोटं चित्र पाठवलं. होडीचं.

तुम्ही अब्बासाला जायचं नक्की केलंत तर इथं कळवा. एक बाकरवडीचा डबा आणि एक किलो इंद्रायणी तांदूळ तुमच्याबरोबर द्यायचाय. वजन माझ्यातर्फे धरा.