वाइनच्या इतिहासातली तुमची सगळ्यात आवडती आणि सगळ्यात नावडती व्यक्ती कोण?

आवडता म्हणाल तर ज्यूल-एमिल प्लांशों. सगळे दों पेरिन्यों ह्या जुन्या फ्रेंच मठवासी साधूचं नाव घेतात, पण त्या बिचाऱ्याने शॅम्पेनचा शोध वगैरे काही लावला नव्हता, उलट त्याच्या काळात बुडबुडे म्हणजे दोषच मानायचे. प्लांशों फ्रान्समधल्या मोंपेलिएचा वनस्पतीशास्त्रज्ञ, १८६८ मध्ये फ्रान्समधले द्राक्षमळे का मरतायत ते बघायला गेला आणि मेलेल्या वेली सोडून आजारी पण जिवंत वेली उपटून बघितल्या, तर मुळांवर बारीक पिवळे किडे, हाच तो फिलॉक्सेरा, वेलीच्या मुळांचा रस शोषून तिला मारणारा. पॅरिसचे तज्ज्ञ म्हणे वेल आधीच कमजोर होती म्हणून कीड लागली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! पुढे कीड अमेरिकेतून आली हे सिद्ध झालं आणि उपायही तिथलाच निघाला, अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपियन वेलीचं कलम. आजही जगातले बहुतेक मळे असल्याच कलमांवर उभे आहेत, तरी ह्या माणसाला फारसं कोणी ओळखत नाही.

नावडता म्हणजे सोव्हिएत नेता गोर्बाचेव्ह, फक्त वाइनपुरतं बोलतोय हं. त्याची १९८५ ची दारूविरोधी मोहीम, व्होडकाचा राग द्राक्षांवर निघाला, मोल्दोव्हा, जॉर्जिया, क्रिमियात मळेच्या मळे उपटले. लोकांनी दारू थोडीच सोडली, घरी गाळायला लागले, बाजारातली साखर गायब झाली.

रूडी कुर्नियावान पण नावडताच, नकली जुन्या बाटल्या विकून श्रीमंतांना गंडवलं, पण खरं सांगू, त्याचा तेवढा राग येत नाही.