बरड जमिनीवरील अंजन : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

शिरपूर, चोपडा आणि यावल तालुक्यांतील काही शेतकऱ्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत : सातपुड्याच्या उतारावर आपोआप वाढणारे अंजन केळी-कपाशीच्या काळ्या जमिनीत बांधावर लावावे काय, आणि लावलेली रोपे उन्हाळ्यात वाळतात ती का?

अंजन (हार्डविकिया बायनाटा) हा फक्त भारतात आढळणारा, शुष्क पानझडी वनांतील वृक्ष आहे. जिथे मातीचा थर उथळ, खाली मुरूम किंवा भेगाळलेला खडक आणि पाऊस बेताचा असतो, तिथे इतर झाडे विरळ होत असताना हा समूहाने वाढतो. रोप वर जेमतेम वीतभर दिसत असते तेव्हाही त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून बरेच खोल गेलेले असते. सुरुवातीची काही वर्षे रोपाचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो आणि पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटतो. म्हणून वाळलेले रोप मेले असे समजून उपटू नये, एक पावसाळा अवश्य वाट पाहावी.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचते आणि मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे तिथे अंजन लावू नये. अशा बांधावर बाभूळ अधिक योग्य. अंजनासाठी नांगर न लागणारी बरड, टेकडीकडची जमीन राखून ठेवावी.

लहान पिशवीत सोटमूळ वेटोळे घेते किंवा लावताना तुटते, म्हणून माझा आग्रह जागेवर बी टोकण्याचा आहे. चपट्या, पंखासारख्या, एकबीजी शेंगा एप्रिल-मे महिन्यांत पिकून गळतात. भरघोस बी दरवर्षी धरत नाही, तेव्हा ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी गोळा करून त्याच पावसाच्या सुरुवातीस उथळ टोकावे. पाला शेळ्या-गुरांना फार आवडतो, त्यामुळे शेंडा जनावरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत काटेरी कुंपण आणि वणव्यापासून बचाव यांत कसूर करू नये.

मोठ्या झाडाचा पाला टंचाईच्या काळात उत्तम चारा ठरतो, मात्र सगळा घेर एकदम छाटल्यास झाड खंगते आणि बीही धरत नाही. फांद्या आलटून-पालटून काढाव्यात. लाकूड अतिशय कठीण व जड असल्याने तोडीचा मोह होतो, परंतु वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या राज्य कायद्यातील अनुसूचीत अंजनाचा समावेश असल्याने, झाड स्वतःच्या शेतातले असले तरी तोडण्याआधी वन विभागाकडे रीतसर अर्ज करावा.